सात हातांची खोली

१

वरोऱ्याच्या रेल्वे फाटकापलीकडची कापसाची जुनी जीन बंद पडून तेव्हा अठरा वर्षं झाली होती. मालक गेला, यंत्रं भंगारात गेली, कामगारांच्या चाळीत शेळ्या राहायला आल्या. त्या सगळ्या भागाला लोक जीनपुरा म्हणत आणि काम नसेल तर तिकडे फिरकत नसत. छप्पन साली जिल्हा एका राज्यातून उठून दुसऱ्या राज्यात गेला आणि त्या धांदलीत कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की जीनपुऱ्याची कलापेठ करायची. कापसातून सरकी काढायच्या लांब शेडमध्ये कारागिरांना खोल्या द्यायच्या, पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड. गाठी दाबायच्या त्या अंगणात दंडारीच्या नाचगाण्यांसाठी आणि नाटकांसाठी पक्का मंच बांधायचा. गोदामात मडकी, मूर्ती, चित्रं मांडायची. कमिटी बसली आणि कमिटीच्या डोक्यावर गुणवंतराव बसले. निवृत्त हेडमास्तर, माणूस भला. पण एकदा फळ्यावर लिहिलेलं पुसायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं.

शेडच्या बारा खोल्या करायला मध्ये अकरा भिंती हव्या होत्या. विटा कमिटीच्या आवाक्याबाहेरच्या, म्हणून बांबूचे तट्टे ठरले आणि ते विणायचं काम शकुबाईला मिळालं. कामाबरोबर खोलीही मिळाली, सात नंबरची.

शकुबाई नागभीडकडची बुरडीण. पंचेचाळिशीची, विधवा आणि अस्सल संशयी. कुणी रामराम घातला तर ती आधी मागे वळून बघायची, की हा आपल्याआडून आणखी कुणाला तर खुणावत नाही ना. पण तिला तसं करणारे तिच्या घरचेच होते. नवरा गेल्यावर तिच्या दोन दिरांनी तिच्या अंगणाचं कुंपण दर पावसाळ्यात हातभर आत सरकवलं. ती सांगायची, कुंपण सरकलं. दीर सांगायचे, कुंपण जागच्या जागी आहे, बाईचं डोकं सरकलंय. पाच पावसाळ्यांत कुंपण तिच्या दाराला येऊन टेकलं. गावातल्या एकाही माणसाने ते सरकताना बघितलं नव्हतं.

म्हणून खोली सातचा कागद हाती आला तेव्हा ती तो तीनदा वाचून घेऊन आली, तीन वेगवेगळ्या माणसांकडून. तिघांनीही तेच वाचलं. मग कुठे तिला खरं वाटलं, की या जगात सात हात रुंदीची एक जागा अशी आहे जिथून आपल्याला कुणी ऊठ म्हणणार नाही. त्या रात्री ती पोटभर रडली आणि सकाळी उठून तिने खोली स्वतःच्या हाताने पुन्हा मोजली. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असे सात भरले.

२

बांबूला पाठ असते आणि पोट असतं. बाहेरची हिरवी, गुळगुळीत, पाणी न धरणारी ती पाठ. आतलं पांढरट, खरबरीत ते पोट. कामट्या काढून तट्टा विणला, की एका बाजूला सगळ्या पाठी येतात आणि दुसऱ्या बाजूला सगळी पोटं. बुरूड लोक घराला तट्टा लावतात तो नेहमी पोट घरात आणि पाठ बाहेर ठेवून. पोटाच्या बाजूला शेणमातीचा लेप घट्ट बसतो, पाठीवरून तो खपलीसारखा निघून येतो. त्यामुळे नुसता हात फिरवून बुरडाचं पोर सांगतं, की आपण घराच्या आत आहोत की बाहेर.

शकुबाईने अकराही तट्टे एकाच दिशेने लावले होते. टोकाच्या दोन सोडल्या तर प्रत्येक खोलीला एक भिंत पोटाची आली, एक पाठीची. तिच्या खोलीत पोटाची भिंत आली ती आठ नंबरच्या बाजूची. तिने ती आवडीने लिंपली, वर खडूने चार रेघा ओढल्या आणि तिथेच आपली ट्रंक ठेवली.

आठ नंबरमध्ये मनसाराम राहायचा. तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातला माणूस, पण जाळं सोडून ब्रश धरलेला. नाटकमंडळ्यांना पडदे रंगवून द्यायचा. राजवाडा, जंगल, नदीकाठ, पाहिजे ते. पन्नाशीचा, सडाफटिंग, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्या माणसाबद्दल शकुबाईचं काय मत असेल ते सांगायला नको. त्यात त्याने पहिल्याच आठवड्यात हसत हसत म्हटलं होतं, की पडदा नीट पसरायला खोली आणखी दोन हात पाहिजे होती. ते वाक्य तिने मनात बांधून ठेवलं.

पौषात एका सकाळी आठ नंबरकडच्या भिंतीवरचा लेप पडला. आधी ताटाएवढा तुकडा, दुपारपर्यंत अर्धी भिंत. शकुबाईला आधी स्वतःचाच राग आला, की माती कमी मळली असेल. मग तिने उघड्या पडलेल्या तट्ट्यावरून सवयीने तळहात फिरवला आणि तो तिथेच थांबला. भिंत गुळगुळीत होती.

तिच्या बाजूला पाठ होती. तिने स्वतः पोट लावलं होतं, स्वतः लिंपलं होतं.

तिचं डोकं अशा वेळी फार झपाट्याने चालायचं. कुणीतरी तट्टा सोडवून उलटा बांधला. कुणाला उपयोग? ज्याला आपल्या बाजूला रंग धरणारी खरबरीत भिंत पाहिजे, त्याला. ती तशीच तरातरा आठ नंबरमध्ये गेली, मनसाराम जेवत होता त्याच्याकडे न बघता भिंतीशी गेली आणि तिने तळहात टेकवला.

तिथेही पाठच होती. लावली तेव्हा होती तशी, गार आणि गुळगुळीत.

मनसारामने घास हातात धरून विचारलं, काय झालं. शकुबाईचा तळहात भिंतीवरच होता. बोटभर जाडीचा एक तट्टा. त्याला दोन्ही बाजूंनी पाठ कशी असेल? मग पोट कुठे गेलं, हा प्रश्न तिच्या मनात आला, पण तिने तो तिथेच दाबला, कारण त्याच्या उत्तराकडे जायची वाट तिला आवडली नाही. मनसारामने एकाचे दोन तट्टे केले असणार, असं तिने ठरवून टाकलं. लबाड माणसाचा संशय घेणं तिला सवयीचं होतं आणि सवयीत एक धीर असतो.

३

त्यानंतर दुपारचे आवाज तिच्या कानावर येऊ लागले. की आधीपासून येत होते आणि तिने लक्ष दिलं नव्हतं, कोण जाणे.

जेवणं झाली की शेड गपगार व्हायची. कुंभार झोपलेला, मूर्तिकार झोपलेला, पत्रा तापून मधूनच टणकायचा. त्या शांततेत भिंतीमागे कुणीतरी बांबू सोलायचं. हा आवाज शकुबाई आईच्या पोटात असल्यापासून ऐकत आली होती. सुरी बांबूत शिरते तेव्हाचा एक लहानसा चट् आणि मग कामटी लांबवर फाटत जाते तो ओला, एकसारखा आवाज. ऐकूनच तिला कळायचं, की सोलणारा हात तयारीचा आहे. तिच्यापेक्षा तयारीचा.

मनसाराम बांबू कशाला सोलेल? याचंही उत्तर तिच्याकडे होतं. तो आणखी तट्टे करतोय, पुढे सरकवायला. तिने खोली मोजली. साडेसहा हात भरले. तिने पुन्हा मोजली, दुसऱ्या हाताने मोजली. तिची ट्रंक भिंतीपासून वीतभर पुढे आली होती आणि फरशीवर तिच्या जुन्या जागेचा चौकोन अर्धा दिसत होता. अर्धा भिंतीखाली गेला होता.

पुन्हा तेच. पुन्हा कुंपण, पुन्हा हातभर, आणि पुन्हा लोक म्हणणार, बाईचं डोकं सरकलं.

दुसऱ्या दिवशी तो आवाज सुरू होताच ती मांजराच्या पावलाने बाहेर पडली आणि एकदम आठ नंबरच्या दारात उभी राहिली. मनसाराम खोलीच्या मधोमध बसला होता. हातात ब्रश, समोर नदीकाठ अर्धा रंगवलेला, पण तो रंगवत नव्हता. तो भिंतीकडे बघत होता. तिला दारात बघून त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुमी इथी हा. मंग तिकडं कोन सोलून राह्यलं?"

भिंतीमागे चट् झालं आणि एक कामटी फाटत गेली.

दोघं ऐकत राहिली. तो रोज दुपारी ऐकत होता आणि समजत होता, की शेजारीण काम करते. खोलीत बुरडीण राहत असताना दुसरं कोण काय समजेल? शकुबाई पळत आपल्या खोलीत आली. खोलीत कुणी नव्हतं, तिची सुरी कोनाड्यात होती. आणि आवाज आता आठ नंबरच्या बाजूने येत होता.

तिने पोती शिवायचा दाभण घेतला. वीतभर लांब. भिंतीत खुपसला आणि मनसारामला ओरडून सांगितलं, टोक कुठे निघालं बघ. दाभण मुठीपर्यंत आत गेला. पलीकडून मनसाराम म्हणाला, काहीच निघालं नाही. तिने दाभण बाहेर ओढला तेव्हा त्याचं टोक कोमट लागलं.

४

एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? शकुबाईने तक्रार केली. तिने दाभणाचं सांगितलं नाही, आवाजाचंही नाही. ते सांगितलं असतं तर आपल्या डोक्याची चर्चा झाली असती, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. तिने एवढंच सांगितलं, की मनसाराम भिंत सरकवतो.

गुणवंतराव टेप घेऊन आले. सात नंबर मोजली, सहा हातांची भरली. शकुबाईने कपाळावर हात मारला. मग आठ नंबर मोजली. तीही सहाच हात. गुणवंतराव टेपकडे बघत राहिले. त्यांनी कमिटीचा शिपाई सुकलू याला शिडी लावून वर चढवला, कारण तट्टे पुरुषभर उंचीच्या थोडेच वर होते आणि तिथून छपरापर्यंत मोकळं होतं. सुकलूने वरून बघून सांगितलं, की एकच तट्टा आहे, बोटभर जाड. इकडे बाई दिसते, तिकडे भाऊ दिसतात, मध्ये काही नाही.

बाहेरून शेड मोजली तर पूर्वीएवढीच भरली. म्हणजे आत दोन हात कमी आणि बाहेर सगळं बरोबर. हेडमास्तर असताना गुणवंतरावांनी असली गणितं चुकीची म्हणून खोडली असती. आताही त्यांनी तेच केलं. टेप जुना आहे, कापडी आहे, थंडीत आखडतो, असं म्हणून त्यांनी तो गुंडाळून खिशात घातला.

मग ते खालच्या आवाजात दोघांशी बोलले. माघात नागपूरचे साहेब पाहणीला येणार होते. त्यांचा शेरा चांगला पडला तर कलापेठ कायमची; वाईट पडला तर शेडला कुलूप आणि बाराही बिऱ्हाडं रस्त्यावर. अशा वेळी शेजाऱ्यांची भांडणं कमिटीला चालणार नाहीत. दोघांपैकी एकाने खोली सोडावी. कोणी, ते त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.

शकुबाईला त्या क्षणी खरं काय ते माहीत होतं. भिंत मनसाराम सरकवत नाही, हे ती त्याच्या चेहऱ्यावरून रक्त उतरताना बघून समजली होती. पण सोडायची खोली एक होती आणि माणसं दोन होती. मान खाली घालून ती म्हणाली, "गुरुजी, यायनं पयल्याच आठवड्यात म्हटलं होतं मले, का खोली दोन हात कमी पडते. इचारा त्याईले."

गुणवंतरावांनी मनसारामला विचारलं, असं म्हणाला होतास का. मनसाराम खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. त्याने हो म्हटलं. गुणवंतरावांनी फळ्यावर लिहावं तसं ठरवून टाकलं, आठवडाभरात आठ नंबर रिकामी.

ते गेल्यावर मनसारामने तिला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं शकुबाईला पुढे पुष्कळदा वाटलं.

५

चौथ्या दिवशी, भर दुपारी, भिंतीपलीकडून मनसारामने हाक मारली. त्याचं सामान बांधून झालं होतं. जायच्या आधी तो भिंत कापून बघणार होता.

"काऊन उगी नसत्या भानगडीत पडता, भाऊ?" शकुबाई म्हणाली. "जाऊन राह्यले नं तुमी?"

"मी तं जाऊनच राह्यलो, बाई. पन तुमाले याच्याजवळ झोपायचं हाये."

ज्या माणसाला तिने बेघर केलं होतं, तो तिच्या झोपेची काळजी करत होता. तिने भिंतीला कान लावला. दुपारचा बांबू सोलायचा आवाज आज नव्हता. मनसारामची सुरी तट्ट्यात शिरली, कामट्या कटाकट तुटल्या. माणूस वाकून जाईल एवढं भोक कापायला जेवढा वेळ लागावा तेवढा लागला. मग तो आत शिरल्याचा आवाज आला, धोतर कामट्यांना घासल्याचा.

"काय हाये?" तिने विचारलं.

"पोट," तो म्हणाला. आवाज अगदी जवळून, तिच्या कानापाशी आला. "दोनी बाजूनं पोट हाये, बाई. लिंपलेलं. चांगलं हात फिरवून लिंपलेलं."

शकुबाईच्या अंगावर काटा आला. मनसाराम बुरूड नव्हता, त्याला त्याचा अर्थ कळला नाही. पोट घरात असतं. भिंतीच्या मध्ये जे काही होतं, ते कुणाचं तरी घर होतं, आणि ती आणि मनसाराम आणि सगळी कलापेठ त्या घराच्या बाहेर होती.

"भाऊ, निंगा तिथून."

"चूल हाये इथी," तो म्हणाला. आता आवाज थोडा लांबून आला. "राख गरम हाये. कोनी तरी आताच उठून गेलं पाहा."

"निंगा म्हनते ना मी!"

"येतो. पन आलो ते भोक..." तो थांबला. पावलं वाजली, चार, सहा, दहा. दोन हातांच्या जागेत माणूस दहा पावलं कुठे चालेल? मग बऱ्याच लांबून, शेताच्या दुसऱ्या बांधावरून यावी तशी त्याची हाक आली. "बाई, तुमची भिंत कोन्ती? तुमच्या बाजूनं कापा."

शकुबाईने कोनाड्यातली सुरी ओढली आणि तट्ट्यात घातली. तीन कामट्या तुटल्या, बोटभर फट पडली आणि तिने डोळा लावला.

आत सारवलेली जमीन होती. ओली, नुकतीच सारवलेली. दोन्हीकडच्या लिंपलेल्या भिंती लांबवर जात होत्या, शेड संपते त्याच्याही पुढे, आणि खूप पुढे पांढरं काहीतरी हलत होतं, ते मनसारामचं धोतर असावं. एवढं तिने बघितलं. मग फटीच्या अगदी जवळ, आतल्या बाजूने, एक हात आला. बाईचा हात, बोटांना बुरडाच्या हातावर असतात तसे चिरांचे वण. त्या हाताने तिने तोडलेल्या कामटीचं टोक धरलं, आत ओढून घेतलं, दुसरी कामटी वरून घातली आणि खालून काढली. निवांत, सरावाने, कुणी आपल्या घराचं मोडलेलं कूड सांधतं तसं. फट बुजली.

शकुबाई किंचाळली की नाही हे तिला आठवत नाही. मूर्तिकाराने पुढे सांगितलं, की तो जागा झाला तेव्हा ती दोन्ही हातांनी सुरी धरून भिंत फाडत होती. सुकलू धावत आला. तिने हंडा जाईल एवढं भोक पाडलं आणि पलीकडे डोकं घातलं.

पलीकडे आठ नंबरची खोली होती. बांधलेलं सामान, गुंडाळलेला पडदा, पाण्याची सुरई. तट्टा एकच, बोटभर जाड, तिच्या बाजूला पोट आणि त्या बाजूला पाठ. त्याला भोक एकच होतं, तिने पाडलेलं. मनसारामने कापलेली जागा तिने कामटी कामटी चाचपून बघितली. तिथे वीण सलग होती, आणि ती वीण तिची नव्हती.

६

कमिटीने ठरवलं, की मनसाराम कुठल्यातरी नाटकमंडळीबरोबर निघून गेला. सामान मागे का ठेवलं? कलावंत माणूस, त्याचं काय सांगावं, असं गुणवंतराव म्हणाले. शकुबाईने त्यांना काय घडलं ते सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्यांनी आधी टेप काढला, सात नंबर मोजली आणि हसले. सात हात. आठ नंबरही सात. टेप उन्हात सुटा झाला, असं ते म्हणाले, आणि म्हणाले, बाई, तुमची खोली तुम्हाला पुरी मिळाली, आता तक्रार नाही ना?

भोक तिलाच बुजवावं लागलं. बुजवताना आतून कुणी कामटी ओढली नाही. तिने पोटाची बाजू लिंपली आणि लेप टिकला.

मनसारामची पहिली हाक तिसऱ्या दुपारी आली. भिंतीतून, लांबून. "बाई, कापा." तिने सगळं हातातलं टाकून भिंत कापली, पलीकडे आठ नंबर. पुन्हा विणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक, पुन्हा कापली, पुन्हा आठ नंबर. सुकलू तिच्याकडे बघून गेला आणि कुंभाराच्या कानाला लागला. चार दिवसांत शेडमध्ये कुजबुज सुरू झाली, आणि ती कसली असणार हे तिला न ऐकताच कळत होतं. पाचव्या दिवशी हाक आली तेव्हा तिने भिंत कापली नाही. ती भिंतीला पाठ लावून बसली, दोन्ही कान दाबून रडत राहिली आणि म्हणत राहिली, की भाऊ, मी कापली होती, मी खरंच कापली होती. तो ऐकत असावा, कारण ती बोलत असताना तो थांबायचा. मग पुन्हा हाक मारायचा. एकदा त्याने विचारलं, की बाहेर दिवस किती झाले.

माघातल्या त्या सकाळी कलापेठ सजली होती. मंचावर दंडारवाले घुंगरं बांधत होते, दारादारांत रांगोळ्या होत्या. नागपूरचे साहेब गुणवंतरावांबरोबर एकेक खोली बघत आले. सात नंबरशी आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक तरुण जोडपं होतं. नवरा लाकडी खेळणी करणारा लालसू, बायको चंदा, पोटुशी, सातवा महिना असेल. त्यांना आठ नंबर द्यायची होती. पण जोडप्याने बाहेर काहीबाही ऐकलं होतं आणि ते साहेबांच्या कानावर गेलं होतं.

साहेबांनी शकुबाईला सरळच विचारलं, की या खोल्यांमध्ये काही त्रास आहे का. असेल तर आताच सांगा, शेड बंद करून टाकू, माणसांच्या जिवापेक्षा कलापेठ मोठी नाही. गुणवंतराव तिच्याकडे बघत होते. दारातून कुंभार बघत होता, मूर्तिकार बघत होता. चंदा एक हात कमरेवर ठेवून भिंतीशी उभी होती, दमलेली, आणि बसायला मिळावं म्हणून वाट बघत होती.

त्याच वेळी भिंतीतून हाक आली. या वेळी लांबून नाही, अगदी जवळून, कानापाशी.

"सांगा त्याईले, बाई. मी इथीच हाये."

कुणीच मान वळवली नाही. ती फक्त तिलाच ऐकू आली.

शकुबाईने खोलीकडे बघितलं. चुलीकडे, ट्रंकेकडे, खडूच्या चार रेघांकडे. सांगितलं तर ही शेड आज संध्याकाळी बंद होईल आणि मनसाराम सापडेलच असं नाही. नाही सांगितलं तर... तिने पुढचा विचार केला नाही. आयुष्यभर तिने साऱ्या जगाचा संशय घेतला होता. स्वतःचा घ्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

"नाई साहेब," ती म्हणाली. "काईच त्रास नाई इथी. चांगली जागा हाये."

साहेबांनी वहीत शेरा लिहिला. गुणवंतरावांचे खांदे खाली आले. चंदा आठ नंबरमध्ये गेली आणि जमिनीवर टेकली, तिच्या बांगड्या वाजल्या. बाहेर ढोलकीवर थाप पडली आणि सगळे मंचाकडे निघाले.

शकुबाई भिंतीशी उभी राहिली. दुपार झाली, मग दुसरी दुपार झाली, मग आठवडा गेला. मनसारामने तिला पुन्हा हाक मारली नाही.